शेल्बीचा पहिला हाफ

रॉझ व्हॅनकर्क आमच्या ॲल्डर क्रीक कॉलेजात मुलींना सॉकर शिकवायला आली, तेव्हा मुलींना स्वतःचं मैदान नव्हतं. मुलांचा सराव संपला की उरलेल्या उजेडात त्या खेळायच्या. अंगात मुलांच्याच जुन्या जर्सी असायच्या, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या. रॉझ तेव्हा सव्वीस वर्षांची होती. पहिल्याच आठवड्यात ती क्रीडा संचालकांच्या ऑफिसात गेली आणि म्हणाली, "मैदान द्या, नाहीतर तुमच्या घरासमोरच्या हिरवळीवर सराव घेते." त्यांना वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. शनिवारी सकाळी सात वाजता त्यांच्या बायकोच्या गुलाबांत तीन बॉल जाऊन पडले. सोमवारी मैदान मिळालं.

मी संघाची ट्रेनर होते. खेळ शिकवायचं काम माझं नव्हे. घोटे बांधायचे, बर्फ लावायचा, कुणी पडलं की पेटी घेऊन धावायचं, एवढंच माझं काम. रॉझ मुलींना शिव्या घालायची आणि मी त्यांचे गुडघे सांभाळायचे. एकतीस हंगामांत तिने पाचशे अकरा मॅचेस जिंकल्या, तीनदा राष्ट्रीय विजेतेपद आणलं. लग्न केलं नाही. "दरवर्षी चोवीस पोरी घरी येतात आणि चार वर्षांनी निघून जातात, त्यात आणखी नवरा कुठे ठेवू?" असं म्हणायची. तिला आपली प्रत्येक मॅच पाठ होती, कोणत्या मिनिटाला कोणत्या पोरीने कोणत्या पायाने बॉल घालवला इथपर्यंत. वीस वर्षांपूर्वीच्या चुकीबद्दल ती चाळिशीतल्या बाईला फोन करून झापू शकायची, आणि त्या बायकांना ते आवडायचं.

आता सत्त्याण्णव सालाबद्दल सांगते. ते सांगायलाच बसले आहे.

डोक्याला मार लागलेल्या मुलीला विचारायचे माझे पाच प्रश्न ठरलेले होते. आज वार कोणता, आपण कोणत्या गावात आहोत, समोर कोण खेळतंय, मागची मॅच कुणाशी झाली, आणि वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हण. तेव्हा तपासणी म्हणजे एवढीच असायची. एका वर्षी आमची गोलकीपर मागच्या मॅचच्या प्रश्नावर अडखळली म्हणून मी तिला बाहेर बसवलं आणि आम्ही हरलो. पोरीला काही झालेलं नव्हतं, तिला एरवीही काही आठवायचं नाही. तेव्हापासून रॉझने एक रीत पाडली. बस मुक्कामाच्या गावात शिरली की ती उभी राहायची आणि ओरडायची, "वार?" मागून सगळ्या पोरी एका सुरात, "शनिवार!" "गाव?" "समोर कोण?" असं करत शेवटी महिने उलटे, टाळ्या वाजवत, गाण्यासारखे. ड्रायव्हरसुद्धा म्हणायचा. मी पुढच्या सीटवर बसून हसायचे. कधी रॉझचा घसा बसलेला असला तर प्रश्न मीच ओरडायचे. माझीच परीक्षा, आणि मीच पोरींकडून उत्तरं घोकून घेत होते. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही, हे आज लिहितानाही लाज वाटते.

शेल्बी ऑस्ट्रँडर आमची मधली बचावपटू होती. तिसऱ्या वर्षाला, वीस वर्षांची, लांब हातापायांची, इंग्रजी साहित्य शिकणारी. बसमध्ये सगळ्या पोरी गाणी ऐकायच्या आणि ही जाडजूड पुस्तकं वाचायची. रॉझ तिला म्हणायची, "ऑस्ट्रँडर, त्या पुस्तकात हेडर कसा मारायचा ते लिहिलंय का?" शेल्बी मान वर न करता म्हणायची, "कोच, अजून त्या पानावर पोचले नाही."

त्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोचलो. नोव्हेंबर होता, गवत कडक झालं होतं, अजून गोल झाला नव्हता. चौतिसाव्या मिनिटाला कॉर्नरवर शेल्बी उडाली, समोरची मुलगीही उडाली आणि दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. समोरची उठली. शेल्बी बसून राहिली. मी तिला धरून रेषेबाहेर आणलं.

आमच्या कॉलेजच्या खेळात नियम असा, की पहिल्या हाफमध्ये एखादीला बदललं, तर ती त्या हाफमध्ये परत आत जाऊ शकत नाही. शेल्बीच्या जागी कुणाला पाठवलं असतं, तर उरलेली अकरा मिनिटं तिच्याशिवाय काढायला लागली असती. आणि समोरच्या संघाची नऊ नंबरची पोरगी शेल्बीशिवाय कुणाला आवरत नव्हती. पाठवलं नाही तर आम्ही दहाजणी.

"वार?" मी विचारलं.

"शनिवार."

"गाव?" तिने सांगितलं. समोर कोण, तेही सांगितलं. मागची मॅचही सांगितली. "डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..." जानेवारीपर्यंत एकदाही न अडखळता, त्याच बसमधल्या चालीवर. पण तिचे डोळे माझ्याकडे नव्हते. ते माझ्या कानामागे कुठेतरी लागले होते, आणि ती हसत होती. बाहेर आल्यावर कुणी हसतं का?

"नेव्हा!" रॉझ ओरडली. "हो की नाही? दहाजणी खेळतायत माझ्या!"

मी अंगठा वर केला.

सात मिनिटांनी शेल्बीने लांबून आलेला साधा बॉल डोक्याने परतवला आणि ती उभीच्या उभी खाली गेली. या वेळी ती उठली नाही. मी तिच्याबरोबर अँब्युलन्समधून गेले. रॉझ मात्र मैदानावर थांबली आणि दुसरा हाफ एक-शून्यने जिंकली. चषक हातात घेऊन पोरी रडत होत्या, कशासाठी रडतोय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ती हॉस्पिटलात आली, तेव्हा तिच्या बुटांना अजून चिखल होता. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, तुला पंचेचाळीस मिनिटं तिथे उभं तरी कसं राहवलं? पण मला बोलायला तोंड कुठे होतं?

शेल्बी जगली. मेंदूला सूज आली होती, कवटी उघडावी लागली. दोन महिन्यांनी ती घरी गेली, पण पूर्वीची शेल्बी परत आलीच नाही. उजेड सहन होईना. चार ओळी वाचल्या की ओकारी यायची. तो अख्खा शनिवार तिच्या डोक्यातून पुसला गेला होता.

कॉलेजने चौकशी बसवली. डीन, वकील, शेल्बीचे वडील. आत जाण्याआधी रॉझने मला जिन्याखाली ओढलं.

"तू नाही म्हणालीस," ती म्हणाली. "मी तुझं न ऐकता पोरीला आत पाठवली. समजलं?"

"रॉझ, मी अंगठा..."

"गप बस. तुझं लायसन्स जाईल. गिरणी बंद पडल्यापासून तुझा नवरा घरी बसलाय, दोन पोरं आहेत. तुला हाकलतील आणि मला ठेवतील. चषक आणलाय मी त्यांना." मग जरा थांबून म्हणाली, "आणि उत्तरं मीच पाठ करून घेतली होती ना. तू काय विचारणार होतीस कप्पाळ?"

"टेपमध्ये दिसेल," मी म्हणाले. मनोऱ्यावरून एक विद्यार्थी प्रत्येक मॅचचं चित्रण करायचा.

"टेप नाहीये आता," रॉझ म्हणाली.

आत तिने ठरवलं होतं तसंच सांगितलं. मी मूग गिळून बसले. शेल्बीचे वडील उठून माझ्याजवळ आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "तुम्ही तरी नाही म्हणालात, मिसेस क्रायडर." मी तो हात सोडवून घेतला नाही. रॉझला एक वर्ष घरी बसवलं, नंतर परत बोलावलं. परत आल्यावर बसमधली रीत कायमची बंद झाली. कुणी डोक्याला नुसता हात लावला, तरी ती त्या पोरीला बाहेर काढायची. एक उपांत्य सामना तिने त्यातच घालवला. पेपरवाले म्हणाले, व्हॅनकर्क म्हातारी झाली.

दर डिसेंबरात ती दीड तास गाडी चालवून शेल्बीच्या दारात जायची. आधी वडिलांनी दार लावलं, ते गेल्यावर शेल्बीने. बावीस वर्षं. मला मात्र ते दार उघडं होतं. मी दोन-चार महिन्यांनी जायचे. शेल्बी अंधाऱ्या खोलीत जाड पडदे लावून खुर्च्यांच्या बैठकी वेताने विणायची. त्याला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात. माझ्या स्वयंपाकघरातल्या चारही खुर्च्या तिने विणून दिल्यात. पैसे घेतले नाहीत. "तुमच्याकडून कसले घ्यायचे?" म्हणाली होती. त्या खुर्च्यांवर बसून मी इतकी वर्षं जेवले.

रॉझ निवृत्त झाली आणि वर्षभरात तिच्या स्वादुपिंडात कॅन्सर निघाला. समोरच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला होता. जुन्या पोरी भाजलेल्या मॅकरोनीची भांडी घेऊन यायच्या, ती एक घास खायची आणि त्यांना त्यांच्याच मॅचेस सांगायची. एका दुपारी सगळ्या गेल्यावर मला म्हणाली, "शेल्बीला एकदा आण, नेव्हा. पाच मिनिटं पुरेत. बाकी मला काही नको."

"ती यायची नाही."

"विचार तरी."

मी दुसऱ्या दिवशी गेले. वाटेत ठरवून टाकलं होतं की सगळं सांगायचं. ते ऐकलं तर शेल्बी येईल, एवढं मला कळत होतं. तिने कॉफी केली, ॲपल पायचा तुकडा पुढे ठेवला. मी म्हणाले, "रॉझ आजारी आहे. फार दिवस नाहीत. तुला भेटायचं म्हणते."

शेल्बीचे हात थांबले नाहीत. "कशाला? मी माफ केलं म्हणावं म्हणून? शांतपणे मरता यावं म्हणून?"

"तसं नाही..."

"तुम्ही तिला नाही म्हणालात, नेव्हा. स्पष्ट नाही म्हणालात. तिने ऐकलं नाही, कारण तिला नऊ नंबर थांबवायची होती." तिने वेताचं टोक ओढून घट्ट केलं. "तेवढ्या सगळ्यांत माझ्या बाजूने एक माणूस होतं. नाहीतर मी तेव्हाच काहीतरी करून घेतलं असतं. खरंच सांगते."

मी पुढचा तुकडा खाल्ला, छान झालाय म्हणाले आणि गाडीत येऊन बसले. पाऊण तास गाडी सुरू केली नाही. घरात परत जायला वीस पावलं होती.

रॉझने माझा चेहरा बघूनच ओळखलं. "नाही ना येत?"

"नाही."

"तू तिला काही भलतंसलतं सांगितलं नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि खिडकीकडे वळली. त्यानंतर नऊ दिवस ती रस्त्यावरची प्रत्येक गाडी बघायची. गाडी थांबली की मान उचलायची, पुढे गेली की टेकायची. मी शेजारी बसून ते बघत होते. एक फोन केला असता तरी पुरलं असतं. मी उद्या करू, उद्या करू म्हणत राहिले. शुक्रवारी सकाळी रॉझ गेली.

मंगळवारी चर्चमध्ये चारशेच्या वर बायका आल्या होत्या. अठराच्या, पन्नासच्या, कडेवर पोरं घेतलेल्या. डीनने भाषण केलं. पाचशे अकरा विजय, मैदानाला तिचं नाव. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "एक चूक तिने आयुष्यभर वाहिली." माझ्या मागच्या बाकावरून कुणीतरी शेजारणीला कुजबुजली, "नेव्हा नाही म्हणत होती गं, हिनेच ऐकलं नाही." आणि माझ्या खांद्यावर मागून एक हात आला. मायेने थोपटत होता. मला तो झटकून किंचाळावंसं वाटलं. तिथेही मी गप्पच राहिले. पण बुधवारी सकाळी गाडी काढली.

शेल्बीने दार उघडलं तशी मी उंबऱ्यातच बोलून टाकलं. आत गेले असते तर पुन्हा कॉफी झाली असती.

"मी नाही म्हणाले नव्हते, शेल्बी. मी हो म्हणाले होते. अंगठा वर केला होता. तुझे डोळे बघूनही केला. रॉझने माझ्यासाठी खोटं सांगितलं."

तिने काळा चष्मा लावला होता. त्यामागे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. ती दाराची कडा धरून उभी राहिली.

"गेल्या वेळी आलात, तेव्हा ती जिवंत होती," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू म्हणालीस, तुझ्या बाजूने एक माणूस होतं. ते माणूस मीच राहावं, असं मला वाटलं."

शिव्या देईल, दार तोंडावर आपटेल, असं वाटलं होतं. तशी तयारी करूनच गेले होते. ती पायरीवर बसली. सकाळचं ऊन होतं, तिने कपाळावर हात आडवा धरला. मी उभीच राहिले.

"दर डिसेंबरात ती इथे उभी राहायची," ती म्हणाली. "दोन मिनिटं. टकटक करायची, थांबायची, जायची. मी आत पडद्यामागे उभी असायचे. मला तिला काहीतरी विचारायचं होतं, दरवर्षी. पण राग इतका होता की विचारता यायचं नाही."

"काय विचारायचं होतं?"

"मला तो दिवस आठवत नाही, नेव्हा. सकाळी अंडी खाल्ली, तेही नाही. आयुष्यात एकदाच फायनल खेळले आणि ती माझ्या डोक्यात नाहीये. आई, बाबा, तुम्ही, सगळे माझ्याकडे येऊन फक्त रडायचे, किंवा ती एक धडक कशी झाली ते सांगायचे. त्याआधीची चौतीस मिनिटं कुणी सांगितलीच नाहीत." तिने चष्मा काढला. डोळ्यांतून पाणी येत होतं, उन्हाने की कशाने, कोण जाणे. "टेप होती ना त्या मॅचची? तिचं काय झालं?"

"रॉझने नष्ट केली. माझा अंगठा त्यात दिसत होता."

तिने मान हलवली, कुणी वेळ सांगितल्यावर हलवावी तशी. मग माझ्याकडे वर बघितलं. विचारताना तिचा आवाज वीस वर्षांच्या पोरीचा झाला होता.

"मी चांगली खेळत होते का?"

मी तोंड उघडलं. फार सुंदर खेळत होतीस, नऊ नंबरला हलू दिलं नाहीस, असं सहज म्हणता आलं असतं. पण आणखी एक खोटं तिच्या हातात ठेवण्याची माझी हिंमत झाली नाही. मी कधी मॅच बघितलीच नव्हती. इतकी वर्षं रेषेवर उभी राहून मी कोण लंगडतंय, कोण घोटा धरतंय, एवढंच बघत आले. बॉल कुठे आहे, हेही मला पुष्कळदा माहीत नसायचं.

"मला माहीत नाही, शेल्बी," मी म्हणाले. "मी खेळ बघत नव्हते."

"मग कुणाला माहीत असेल?"

मी संघातल्या दोघीतिघींची नावं घेतली. त्यांना थोडंफार आठवेल म्हणाले. पण पहिल्या मिनिटापासून, तिच्या पहिल्या स्पर्शापासून, कोणता बॉल कोणत्या पायाने अडवला ते सगळं सांगू शकेल असं एकच माणूस होतं. गेल्या शुक्रवारपर्यंत ती खिडकीशी पडून हिचीच वाट बघत होती, आणि हे शेल्बीलाही कळलं होतं.